मधोमध चालणारं जनावर

पावडर मावशी एकतीस वर्षं एकच काम करत आल्या होत्या. उंदीर-घुशी शोधायच्या, पकडायच्या आणि मग कागदावर सही करून सांगायचं की ही जागा आता निर्धोक आहे. त्या सहीला मान होता. गोदामाचा मालक असो की शाळेच्या मुख्याध्यापिका, दारावर मावशींचा कागद चिकटला की माणसं बिनघोर आत शिरायची. मावशींना त्याचा गर्व होता, आणि का नसावा? एकतीस वर्षांत एकदाही कुणी परत येऊन "अहो, अजून एक राहिलाय" असं म्हटलं नव्हतं.

पद्धत बापाची. बापही हेच करायचा. संध्याकाळी भिंतीच्या कडेकडेने शंखजिऱ्याच्या पांढऱ्या पावडरीचा हातभर रुंद पट्टा भुरभुरवायचा आणि सकाळी येऊन बॅटरी जमिनीला टेकवून आडवा उजेड टाकायचा. मग पावलं अशी उठून दिसतात की आंधळ्यानेही मोजावीत. नुसत्या पावलांवरून मावशी सांगायच्या, नर आहे की मादी, पोटुशी आहे का, कुठला पाय अधू आहे. बापाने बजावून ठेवलं होतं, "जनावर भित्रं असतं, पोरी. मिशा भिंतीला घासत गेलं तरच त्याच्या जिवात जीव असतो. मोकळ्या मधल्या जागेत ते पाऊल टाकत नाही. तिथे पावडर उधळलीस तर तुझेच कपडे मळतील." मावशींनी हे वाक्य पुढे कामावर आलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात हातोडीने ठोकल्यासारखं बसवलं होतं. मधोमध पावडर टाकणारा माणूस त्यांच्या धंद्यात नवशिका ठरायचा, आणि त्याची दिवसभर टर उडवली जायची.

घरी दोन खोल्या आणि दोन बायका. मुलगा बोटीवर कामाला, वर्षातले आठ महिने समुद्रात. राहिल्या सासू आणि सून. सून इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीच्या यंत्रावर होती. बोलायला फटकळ, हसायला मोठ्याने, आणि सासूच्या पावडरीवर तिचा विशेष राग.

"आई, हे घर आहे की पिठाची गिरणी? सगळ्या काळ्या कपड्यांवर तुमची बोटं!"

"त्या पावडरीवरच तुझ्या नवऱ्याचं शिक्षण झालंय, सूनबाई."

"म्हणूनच त्याला कपडे झटकायची सवय नाही."

असं सगळं चालायचं. बाहेरच्याला वाटावं की या दोघींचं पटत नाही. पटत होतं, पण ते बोलून दाखवायची दोघींनाही लाज वाटायची. सून कामावरून येताना मावशींच्या गुडघ्यासाठी मलम आणायची आणि "स्वस्त होतं म्हणून घेतलं" असं म्हणून फेकल्यासारखं टेबलावर ठेवायची.

सोमवारी सकाळी इस्पितळातून बोलावणं आलं. मागच्या आवारात एक प्रयोगशाळा होती, तिथलं एक जनावर पिंजऱ्यातून निसटलं होतं आणि पाइपांच्या भुयारी वाटेने रुग्णांच्या मजल्यांखालच्या धुलाईघरात शिरलं होतं. प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाई दारातच उभ्या होत्या. तरुण होत्या, झोप झालेली नव्हती, आणि बोलताना हातातलं पेन सारखं उघडबंद करत होत्या.

"उंदराच्याच जातीचं आहे, पण मांजराएवढं," त्या म्हणाल्या. "सात नंबर म्हणतो आम्ही त्याला. त्याच्या गुणसूत्रांमध्ये आम्ही काही फेरफार केलेत. दात फार मजबूत आहेत. काल आमच्या राखणदाराची दोन बोटं गेली. मावशी, त्याच्या वागण्याबद्दल तुम्हाला थोडं समजावून..."

"बाई," मावशींनी त्यांना मध्येच तोडलं, "तुमचं शास्त्र तुमच्यापाशी ठेवा. उंदीर तो उंदीर. मला फक्त नकाशा द्या."

खरं सांगायचं तर इथेच मावशींनी माती खाल्ली. दोन मिनिटं ऐकून घेतलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. पण एकतीस वर्षांचा अनुभव माणसाला बहिरं करतो, आणि त्यात समोर मुलीच्या वयाची डॉक्टर! पेन उघडबंद करत डॉक्टरबाईंनी नकाशा पुढे केला.

धुलाईघर रिकामं केलं. मावशींनी भुयारी वाट, यंत्रांची खोली, सुकवणीची खोली, स्वच्छ चादरींची खोली, सगळीकडे भिंतीच्या कडेने पट्टे सोडले. एकही कोपरा सुटला नाही. भुयारी वाटेतल्या धुळीत मधोमध एक लांबच लांब सरळ रेघ दिसली होती. ही चादरींच्या गाडीची दोरी घासत गेलेली दिसते, असं म्हणून त्या तिला ओलांडून पुढे गेल्या. मंगळवारी पट्टे कोरे. बुधवारी सकाळी पुन्हा बघितलं, तरी कोरे. झुरळाचे पाय उमटले होते, पण उंदराचं एक नख नाही.

इकडे इस्पितळात चादरी संपत आल्या होत्या. धुलाईघराचा मुकादम मावशींच्या मागे मागे फिरत होता. "मावशी, वरती शस्त्रक्रिया पुढे ढकलतायत. काय ते एकदा सांगा ना!" मावशींनी शेवटची फेरी मारली. दोन दिवस भिंतीला पाऊल नाही म्हणजे जनावर इमारतीत नाही, गटारातून बाहेर गेलं असणार. बुधवारी दहा वाजता त्यांनी सही केली. मुकादमाने कागद दारावर चिकटवला आणि पंधरा बायका, त्यात मावशींची सून, आत शिरल्या. दोन दिवसांचा मळका ढीग बघून सगळ्यांनी कपाळावर हात मारला आणि यंत्रं सुरू केली.

कागदाची एक प्रत प्रयोगशाळेत द्यायची होती. काम उरकून, चहा घेऊन मावशी तिथे पोचल्या तेव्हा एक वाजायला आला होता. डॉक्टरबाई आतल्या खोलीत होत्या. त्या खोलीला काचेची मोठी भिंत होती, आणि काचेपलीकडे मोकळ्या फरशीवर एक जनावर फिरत होतं. राखाडी, मांजराएवढं, जाड शेपटीचं.

"हा आठ नंबर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याचा भाऊ."

मावशी बघत राहिल्या. आठ नंबर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. सरळ, खोलीच्या मधोमध. भिंतीकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. मावशींनी सवयीने काचेवर जोरात थाप मारली. जगातलं कुठलंही उंदराच्या जातीचं जनावर अशा आवाजाने कोपऱ्यात पळतं. याने मान वळवून बघितलं आणि आपलं चालणं चालू ठेवलं.

मावशी काचेजवळ वाकल्या.

"हे भिंतीला का नाही लागत?"

"भीती काढून टाकली आहे त्यांची," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सोमवारी तेच सांगत होते मी. इमारत पडली की ढिगाऱ्याखाली माणसं अडकतात ना, त्यांना शोधायला बनवलेत हे. अंधार, आग, आवाज, कशालाच भ्यायला नकोत. उभ्या, चालत्या माणसाशी त्यांना काही देणंघेणं नसतं. गाडला गेलेला, न हलणारा माणूस कळला की त्याच्या रोखाने सरळ जायचं आणि मध्ये येईल ते कुरतडत पोचायचं, हे त्यांच्यात घातलंय. फक्त पोचल्यावर थांबायचं, हे काही जमलं नाही अजून. राखणदाराचा हात पिंजऱ्यातल्या गवताच्या गादीखाली होता, म्हणून तर..."

मावशींना पुढचं ऐकू आलंच नाही. भुयारातली ती सरळ रेघ दोरीची नव्हती. ती शेपटीची होती. जनावर दोन दिवस मधोमध हिंडत होतं आणि मावशी शहाण्यासारख्या भिंतींना पावडर लावत बसल्या होत्या! आणि आता वाजलाय एक. एक ते दीड जेवणाची सुट्टी, आणि त्यांची सून पाच मिनिटांत डबा संपवून सुकवणीतून आलेल्या ऊन ऊन चादरींच्या ढिगात घुसायची, डोक्यावरून चादर ओढायची आणि वीस मिनिटं मेल्यासारखी झोपायची. घरी येऊन तिने हे मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. "लोकांच्या चादरीत लोळतेस, लाज नाही वाटत?" असं मावशी तेव्हा म्हणाल्याही होत्या.

"ते तिथेच आहे," मावशी म्हणाल्या. आवाज आपला नव्हेच असा वाटला त्यांना. "गुंगीचं इंजेक्शन घ्या, लोखंडी पेटी घ्या आणि धावा माझ्यामागे!"

मुकादमाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. सुनेचा फोन कामाच्या वेळेत कुलुपात. वरून फिरून जायचं तर दहा मिनिटं, भुयारातून चार. मावशींनी भुयार धरलं. वय अठ्ठावन्न, गुडघे कामातून गेलेले, पण त्या दिवशी त्या गुडघ्यांची काय बिशाद होती कुरकुरायची! बॅटरी त्यांनी जमिनीलगत धरली होती आणि आता सगळं लख्ख दिसत होतं. रेघेच्या दोन्ही बाजूंना पावलं होती, रुंद, शांत, एका मापाची. कुठे थांबणं नाही, कुठे दचकणं नाही. मावशींनी हजारो जनावरांची पावलं वाचली होती. इतकं बिनधास्त पाऊल त्यांनी आजवर बघितलं नव्हतं, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली. बॉयलरपाशी रेघ वळली. यंत्रांच्या खोलीत कापसाच्या भुग्यावर पावलं ताजी होती, काठ अजून ढासळलेले नव्हते. तिथून रेघ निघाली होती सरळ चादरींच्या खोलीकडे.

दाराबाहेर तीन बायका डबे उघडून बसल्या होत्या.

"माझी सून कुठे आहे?"

"कुठे असणार मावशी, आत घोरतेय."

"उठा. बाहेर पळा. सगळ्यांना बाहेर काढा, आणि कुणीही कुठे आडवं होऊ नका!" मावशींचा चेहरा बघून एकीनेही का म्हणून विचारलं नाही.

आत खोलीच्या मध्यावर छातीएवढा उंच चादरींचा ढीग होता. अलीकडच्या बाजूला ताटाएवढं भोक पडलेलं, भोवती चिंध्या, आणि आतून करकर करकर असा एकसारखा आवाज. हाका मारून उपयोग नव्हता. ती दचकून उठून बसेपर्यंत ते पोचलं असतं. त्या ढिगाला वळसा घालून पलीकडे गेल्या, चादरींत कोपरापर्यंत हात खुपसले, एक पाय हाताला लागला, दुसरा लागला, आणि मावशींनी फरशीवर टाचा रोवून ओढलं. एकदा. हलली नाही. दुसऱ्यांदा देवाचं, बापाचं, बोटीवरच्या मुलाचं, सगळ्यांचं नाव एकदम घेऊन ओढलं. सून चादरींसकट फरशीवर आली.

"अगं बाई! आई? तुम्ही काय..."

"उभी राहा! आधी उभी राहा!"

सून उभी राहिली. तिच्या वेणीचं टोक नव्हतं. चार बोटं केस साफ कुरतडले गेले होते. आणि तेवढ्यात ढिगाच्या या बाजूने ते बाहेर आलं, तोंडाला धागे लटकलेले. सून किंचाळली. त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोन पायांवर उभं राहून त्याने नाक वर केलं, छताच्या रोखाने.

वरती काय आहे हे दोघींनाही माहीत होतं. वरती चार मजले भरून माणसं होती, पांघरुणाखाली, न हलणारी. आणि खोलीच्या कोपऱ्यात वर जायची चादरींची लिफ्ट, दोन दिवस बंद असलेली, आज उघडी होती.

उंदराला पकडायचं तर पिंजरा चार-चार दिवस नुसता ठेवावा लागतो. नव्या वस्तूला तो भितो. भिंतीशी ठेवा, सवय होऊ द्या, मग चाप लावा. मावशींनी जन्मभर तेच केलं होतं. पण याला भीतीच नाही, म्हणजे याला नवा पिंजराही चालेल, आणि तोही खोलीच्या मधोमध. फक्त पलीकडे गाडलेलं माणूस पाहिजे.

"ती चादरी न्यायची जाळीची गाडी आडवी पाड," मावशी म्हणाल्या. "दार त्याच्याकडे. ते वर उचलून धर आणि बाजूला उभी राहा. बसू नकोस, वाकूही नकोस. ते आत गेलं की सोड आणि कडी घाल."

"आणि तुम्ही?"

"मी झोपते जरा."

गाडीच्या बंद बाजूला पाठ टेकवून मावशी फरशीवर बसल्या, पाच-सहा चादरी अंगावर ओढून घेतल्या, डोकंही झाकलं आणि निपचित राहिल्या. आत ऊन होतं, साबणाचा वास होता. आपलं काळीज केवढ्याने वाजतंय ते त्यांना ऐकू येत होतं. त्या जनावरात नव्हती ती सगळी भीती त्या घटकेला मावशींकडे आली होती. लिफ्टकडे गेलं तर? नखं वाजली. थांबली. मग पुन्हा वाजली, जवळ, आणखी जवळ, आणि जाळीवरून चालल्याचा आवाज पाठीमागेच आला. त्याचबरोबर धाडकन दार पडलं.

"कडी घातली! आई, घातली कडी! उठा!"

"नाही उठत," चादरीतून आवाज आला. "मी उठले तर ते दार खाईल. मी इथे आहे तोवर इथलीच जाळी खाईल."

टक् करून एक तार तुटली. मावशींच्या पाठीला गरम श्वास लागला. दुसरी तार. सुनेने इकडे तिकडे बघितलं, भिंतीजवळच्या इस्त्रीच्या यंत्राची पत्र्याची फळी दोन हातांनी उपसली आणि जाळी आणि सासूची पाठ यांच्यामध्ये खुपसून तिच्यावर खांदा लावला. फळीवर दात घासायला लागले. तो आवाज तिच्या खांद्यातून हाडात जात होता. ती शिव्या देत होती, जनावराला, प्रयोगशाळेला, मुकादमाला, आणि एकदोन सासूलाही. मावशी आयुष्यात पहिल्यांदा शिव्या कान देऊन ऐकत होत्या. त्या ऐकू येत होत्या म्हणजे पोरगी धड होती.

डॉक्टरबाई धापा टाकत आल्या तेव्हा फळीला बोटभर भोक पडलं होतं. त्यांनी जाळीतून सुई टोचली. करकर मंदावली, मग थांबली. लोखंडी पेटीत घालताना सात नंबर गाढ झोपला होता, पाय पोटाशी घेऊन, आणि दाढेत अजून काळ्या केसांचा गुंता होता. पेटीला दोन कुलुपं लागली तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाहेरच्या बायका आत आल्या, कुणी हसायला लागलं, कुणी रडायला, मुकादम पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि घाबरून स्वतःच पिऊन बसला.

मावशींनी डॉक्टरबाईंसमोर हात जोडले. "सोमवारी तुम्ही सांगत होतात. मी ऐकलं नाही."

"मी पुन्हा सांगायला हवं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांचेही डोळे भरले.

चार वाजता दोघी घरी आल्या. सुनेने आरशात वेणी बघितली, "फुकटात कापून मिळाली" म्हणाली आणि एवढ्यावरून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मावशी मात्र दारातच उभ्या राहिल्या होत्या. सगळा रस्ता त्या एक वाक्य तोंडात घोळवत आल्या होत्या.

"ऐक. माझी चूक झाली. इमारत निर्धोक नव्हती. दारावरची सही माझी होती. माझ्या सहीने तू मरायचीस आज."

सून हसायची थांबली. "माहीत आहे की. सोमवारपासून आम्ही सगळ्याच घाबरलो होतो. सकाळी त्या तिघी म्हणाल्यासुद्धा, आज झोपू नकोस गं, काय सांगावं. मी म्हटलं, दारावर माझ्या सासूची सही आहे, आणि घुसले चादरीत."

मावशींना वाटलं होतं, ही चिडेल, भांडेल, मुलाला फोन लावेल. त्यासाठी त्या तयार होत्या. यासाठी नव्हत्या. त्यांनी पदराने तोंड झाकलं आणि हुंदके देऊन रडल्या, गुडघे दुखेपर्यंत उभ्याने रडल्या. सुनेने त्यांना धरून खुर्चीवर बसवलं, मलमाची डबी उघडली आणि न विचारता गुडघ्याला चोळायला लागली.

"यापुढे माझ्या सहीवर विसंबून झोपू नकोस," मावशी म्हणाल्या.

"मग कुणाच्या सहीवर झोपू? माझे पाय ओढायला तुम्हीच आलात ना!" सून म्हणाली, आणि दुसरा गुडघा पुढे घ्या म्हणाली.